चिमीचा वाढदिवस आणि सासूबाईंची वही

(बाईंना विचारा : सांगलीत विश्रामबागला ३१ वर्षं बालवाडी चालवून निवृत्त झालेल्या बाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रिय बाई,

माझी मुलगी चिमी येत्या २२ फेब्रुवारीला दोन वर्षांची होईल. आम्ही कुपवाडला राहतो. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, मिस्टर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहेत. घरात आम्ही दोघं, चिमी आणि सासूबाई.

वाढदिवस मोठा करायचा असं घरात ठरलंय. कुणी ठरवलं ते मला सांगता येणार नाही, पण आता हॉलसुद्धा बघून झालाय, संध्याकाळी सात ते दहा. दीडशे ताटं. मला आकडे मांडायची सवय आहे, म्हणून परवा रात्री कॅलेंडरच्या पाठीवर मांडले. हॉल १२,०००. फुग्यांची कमान आणि स्टेज ८,०००. जेवण ताटाला १८० प्रमाणे २७,०००. तीन किलोचा केक २,४००. साठ मुलांना रिटर्न गिफ्ट ६,०००. फोटोवाला ५,०००. बेरीज ६०,४००. कपडे आणि वरखर्च वेगळा. मिस्टर म्हणतात, भिशी उचलू. आमची बारा जणांची भिशी आहे, महिना ५,००० ची. ती मेमध्ये उचलून मी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करून घेणार होते. गेल्या पावसाळ्यात चिमीच्या अंथरुणाशेजारी पातेलं ठेवून झोपत होतो.

दिवाळीनंतर पुण्यात नणंदेच्या मुलाचा वाढदिवस झाला. जंगलाची थीम होती. अस्वलाचा मुखवटा घातलेला माणूस मुलांना उचलून घेत होता. चिमी इतकी किंचाळली की मी दीड तास तिला कडेवर घेऊन पार्किंगमध्ये फिरले. आपल्याकडेही तसलं काहीतरी आणूया, असं आता चाललंय.

सासूबाई वाईट नाहीत हो. सासरे गेले तेव्हा चिमी पाच आठवड्यांची होती, त्यामुळे बारसं राहिलं ते राहिलंच. पहिला वाढदिवस वर्षाच्या आत आला म्हणून केला नाही. सगळं खरं. पण त्या रोज संध्याकाळी आहेराची वही घेऊन बसतात आणि यादीत दोन नावं वाढवतात. मी काही म्हटलं की ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून आत निघून जातात. मिस्टरांना चौकात फ्लेक्स लावायचाय. चार रात्री मला झोप नाही. काल चिमीने दूध सांडलं आणि मी तिच्यावर ओरडले. वाढदिवस तिचा, आणि ओरडले तिच्यावरच. मी काय करू?

– एक आई, कुपवाड

तू माझ्या बालवाडीतल्या पहिल्या मुलांच्या वयाची असशील, म्हणून ‘तू’च म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांवरच अडकले. दुसऱ्यांदा वाचताना, तू जे एका ओळीत घाईघाईने सांगून टाकलंस त्याच्यापाशी थांबले : बारसं राहिलं ते राहिलंच. तुमच्या घरात सध्या जी तयारी चाललीय ती त्या राहिलेल्या बारशाची आहे, असं मला वाटतं.

सासूबाईंच्या जागी जरा बसून बघ. पहिली नात झाली, बारशाची बोलणी सुरू असतील, आणि नवरा गेला. ज्या घरात पाळणा बांधायचा तिथे दहाव्या-बाराव्याची माणसं आली. त्याच माणसांना आता त्यांना एकदा हसऱ्या तोंडाने घरी बोलवायचंय. आणि ती आहेराची वही. माझ्या आईकडेही तशीच होती, लाल पुठ्ठ्याची, आत ‘मिरजेचे मामा – पातेलं १, रु. ११’ अशा ओळी. आई ती पोथीसारखी जपायची. त्यातली एकेक ओळ म्हणजे कुणाच्या तरी मांडवात आपण जेवलोय याची आठवण. घरातला कर्ता माणूस गेला की येणं-जाणं हळूहळू आटतं, आणि ते घरातल्या बाईला सगळ्यांत आधी कळतं. सासूबाई रोज दोन नावं वाढवतात त्याला तू हट्ट म्हणतेस. मला त्यात भीती दिसते.

म्हणून पहिलं काम हॉल रद्द करायचं नाही. आधी एका संध्याकाळी चिमीला मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बस आणि ती वही त्यांना वाचून दाखवायला सांग. ‘ह्या कोण? यांच्याकडे आपण कधी गेलो होतो?’ असं विचार. पैशांचं त्या दिवशी काढूच नकोस. त्या मोकळ्या झाल्या की एवढंच म्हण, ‘आई, बारसं राहिलं आपलं. ते करूया का?’

आणि ते खरंच करा, पण वाढदिवसाला जोडू नका. चैत्रात करा. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्यतृतीयेपर्यंत सबंध महिना हाताशी असतो. वहीतल्या सगळ्या बायकांना एखाद्या दुपारी चार ते सातमध्ये बोलवा. आमंत्रण ‘हळदीकुंकवाला या’ असं देऊ नका. ‘आंबेडाळ-पन्ह्याला या’ असं द्या. हा फरक मी मुद्दाम सांगतेय. हळदीकुंकवाला ज्यांना आपण वर्षानुवर्षं बाजूला ठेवलं, त्यांत आता तुझ्या सासूबाईही आहेत. स्वतःच्याच घरच्या कार्यात त्या स्वयंपाकघरात काहीतरी करण्याच्या निमित्ताने उभ्या राहतील. आंबेडाळ खायला मात्र कुणीही येतं. चार किलो हरभऱ्याची डाळ भिजत घातली तर साठ जणींना पोटभर होते. वाटायला शेजारणी येतील, कैऱ्या तेव्हा बाजारात ढिगाने असतात. चिमी जागी असली तर खेळेल, झोपली तर झोपू दे, तिच्यावाचून तिथे कुणाचं अडत नाही. आणि बारशाला म्हणायचा पाळणा सासूबाईंच्या ओठांवर दोन वर्षं तसाच थांबलाय. तो त्यांना त्या दिवशी म्हणू दे. चिमी पाळण्यात मावणार नाही, आजीच्या मांडीवर बसेल.

एवढं एकदा ठरलं की दीडशेची यादी २२ फेब्रुवारीवरून आपोआप उतरते. मग उरतो तो चिमीचा वाढदिवस, आणि तो चिमीच्या घड्याळाप्रमाणे करायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं : एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप, आणि उठण्या-झोपण्याच्या वेळा ठरलेल्या. दोन वर्षांचं मूल रात्री आठ-साडेआठला पेंगायला लागतं. आपण नेमका त्याच वेळी मांडव उजळतो, स्पीकर लावतो आणि ‘हस की गं’ म्हणून तिच्या मागे लागतो.

हे मी अनुभवाने सांगतेय, आणि त्यातली चूक माझी आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या नातवाचा पहिला वाढदिवस असाच एका हॉलमध्ये झाला. साडेसातला पाहुणे यायला लागले, केकला साडेनऊ वाजले. मधल्या वेळात नातू कुठे दिसेना. शोधत मागच्या अंगाला गेले, तर तो आचाऱ्याच्या बायकोच्या मांडीवर झोपला होता. ती कांद्याच्या पोत्याला टेकून बसली होती. त्याचा चमचमता कोट काढून तिने घडी घालून ठेवला होता आणि पदराने त्याला वारा घालत होती. त्याच्या हनुवटीखाली कागदी मुकुटाच्या इलॅस्टिकचा लाल वळ उठला होता. ती मला म्हणाली, ‘आज्जी, निजू द्या की ओ जरा.’ बालवाडी चालवून मला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. तरी मी त्याला उठवलं आणि स्टेजवर नेलं, कारण दीडशे माणसं ताटकळली होती. अल्बममध्ये केक कापतानाचे अकरा फोटो आहेत, अकराही फोटोंत तो रडतोय. त्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नाही, याची खंत मला आजही आहे.

तर २२ तारखेला रविवारच आहे. सकाळी दहा ते बारा, आपल्या घरी. वर गच्ची असेल तर तिथे एक कापडी मांडव, नाहीतर खालचं अंगण. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे बाराच्या पुढे ऊन चटके देतं, तोवर सगळं आटोपलेलं असावं. एक वाजता चिमी जेवून झोपलेली पाहिजे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचं एक काम मला अशा वेळी नेहमी आठवतं. बोर्डी-कोसबाडकडे वस्त्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मूल अनोळखी जागी बिचकत असेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं. चिमीच्या पायांना घरच्या फरशीची सवय आहे, रडू आलं तर कुठल्या दाराआड जायचं हे तिला माहीत आहे. हॉलमध्ये तिला दार सापडत नाही.

माणसं पंचवीसच्या वर नकोत. घरची, वाड्यातली, तुझं माहेर, आणि चिमीच्या वयाची पाच-सहा मुलं आपापल्या आयांबरोबर. अस्वल अजिबात नको. दोन वर्षांच्या मुलाला मुखवट्याआडचा माणूस ओळखता येत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की हा प्रचंड प्राणी आहे आणि माझी आई मला त्याच्याकडे देतेय. चिमी किंचाळली हे तिचं शहाणपण.

औक्षण आजीने करायचं, आणि पहिलं आजीने. हे मी ठामपणे सांगते, कुणी कुरकुर केली तर माझं नाव सांग. पाट, भोवती रांगोळी, निरांजन, अक्षता. सुपारी आणि अंगठी ओवाळून झाली की लगेच तबकातून उचलून घ्यायची, कारण दोन वर्षांचं मूल पाटावर मिनिटभर बसतं आणि त्या मिनिटात सुपारी तोंडात जाते. फ्रॉक सुती असू दे. नेटच्या फ्रॉकची आतली शिवण काखेत टोचते, मुलं त्यासाठीही रडतात आणि आपण म्हणतो गर्दीला घाबरली.

आता दोन गोष्टी अशा, ज्यांबाबत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. पहिली फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा ओठांवर ओढून त्याची छोटी फुगी करायची आणि दुसऱ्याच्या कपाळावर फोडायची, हा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय. माझ्या बालवाडीत एका मुलाचा मोठा भाऊ, सहा वर्षांचा, तसं करत असताना तुकडा आत ओढला गेला. रबर पातळ आणि चिवट, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखं बसतं. त्या मुलाला खोकताही येईना. मी त्याला मांडीवर पालथा वाकवून पाठीत थापा मारल्या, चौथ्या थापेला तुकडा बाहेर आला. त्या दिवशी घरी गेल्यावर माझे हात किती वेळ थरथरत होते. म्हणून फुग्यांची कमान नको. झेंडूच्या माळा लावा, रंगीत साड्यांची झालर करा. गॅसचे फुगे तर मुळीच नकोत. त्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. समोर औक्षणाचं निरांजन. फवाऱ्याने उडवतात तो फेसही ज्वलनशील वायूवर उडतो, तोही मेणबत्तीजवळ नको.

दुसरी गोष्ट खाणं. फेब्रुवारीत तासगावची द्राक्षं घरोघरी असतात, आणि पाहुणा हमखास पेटी घेऊन येतो. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अगदी बुचासारखं बसतं. प्रत्येक द्राक्ष उभं चार फोडी करूनच मुलांपुढे ठेवायचं. आपलं भडंगही तसंच, तिखटाचं सोड, त्यातले शेंगदाणे अडकतात. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या हातात द्यायच्याच नाहीत. मोठ्यांची भडंगाची ताटली टीपॉयवर ठेवली की ती मुलांच्या बरोबर नाकासमोर येते, म्हणून वर कट्ट्यावर. आणि घरातल्या दोघा-तिघांनी एवढं शिकून ठेवा. मूल खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा, नाही निघालं तर मागून बेंबीच्या जरा वर मूठ धरून आत आणि वर असे पाच दाब, पुन्हा थापा. हे वर्षावरच्या मुलांसाठी. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात १०८ लावायचा.

मुलांना मऊ इडली, तुपातला शिरा, केळं. मोठ्यांना मसालेभात, मठ्ठा, जिलबी. पंचवीस माणसांचा मसालेभात तुम्ही सासू-सुना आणि एक शेजारीण मिळून सहज करता. केक अर्धा किलोचा आणा आणि चिमीला हाताने खाऊ दे.

खेळ घेऊ नका. संगीतखुर्ची, बक्षिसं, काही नको. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळण्याचं निरीक्षण मांडलं होतं, आणि बालवाडीत मी तेच रोज बघत आले : या वयाची मुलं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. एक मोठी परात, त्यात चार बोटं पाणी, आठ वाट्या, दोन गाळण्या, एक नरसाळं. दुसऱ्या परातीत कणकेचे गोळे. पाच मुलं पाऊण तास तिथून हलणार नाहीत. पाण्याच्या परातीजवळ एक मोठं माणूस बसूनच पाहिजे, पाणी बोटभर असलं तरी. गाणी लावायची तर हळू लावा. चिमीच्या कानांसाठी तर आहेच, शिवाय त्या दिवसांत शेजारी कुणीतरी बारावीला बसलेलं असतं.

आता तुझे मिस्टर. चौकातल्या फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते, आणि दोन वर्षांच्या मुलीचा चेहरा, नाव, जन्मतारीख चौकात टांगावी असं मला वाटत नाही. पण त्यांना नुसतं ‘नको’ म्हणू नकोस. त्यांचेही वडील गेलेत. मुलीचं कौतुक वडिलांनी बघायला हवं होतं, ते राहिलं, म्हणून गावाला दाखवावंसं वाटत असेल. त्या पाच आठवड्यांत आजोबांनी चिमीला घेतलेला एखादा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलच. तो शोधायला त्यांना सांग. मोठा करून, फ्रेम करून घरात लावा, आणि वाढदिवसाचा पाट त्याच्यासमोर मांडा. द्राक्षं चिरायचं कामही त्यांच्याकडेच दे.

भिशीला हात लावू नका. आज उचलली तर दीडशे माणसं एका रात्रीत जेवून जातील, हप्ते पुढे चालूच राहतील, आणि जूनमध्ये पातेलं पुन्हा चिमीच्या उशाशी येईल. हॉलला काही आगाऊ रक्कम दिली असेल आणि ती बुडणार असेल तरी बुडू दे.

दुधाचं राहिलं. चिमीला जवळ घे आणि ‘आईने ओरडायला नको होतं’ असं तिच्या डोळ्यांत बघून सांग. दोन वर्षांच्या मुलाला सगळे शब्द कळत नाहीत, पण आवाजातला मऊपणा कळतो. आणि हे सगळं ठरल्यावरही तुझी झोप परत आली नाही, आठ-पंधरा दिवस अशीच गेली, तर अंगावर काढू नकोस. डॉक्टरांकडे जा, किंवा मनाच्या आरोग्यासाठी असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर बोल, मराठीत बोलता येतं. पाच आठवड्यांचं बाळ मांडीवर असताना तूही त्या घरात सुतक पाळलंस. बाळंतिणीचे लाड तुझेही राहून गेलेत, ते मी विसरलेले नाही.

---

आदरणीय बाई, आमचा नातू २०२३ च्या अधिक श्रावणात जन्मला. सूनबाई म्हणतात तारखेने वाढदिवस करू, आमची मंडळी म्हणतात तिथीने. पण अधिक मासातली तिथी दरवर्षी येतच नाही. मग खरा वाढदिवस कुठला धरायचा?
– एक आजोबा, तासगाव

आजोबा, अधिक श्रावण २००४ साली होता, त्यानंतर एकोणीस वर्षांनी २०२३ ला आला. त्याची वाट बघत बसलो तर नातवाला मिसरूड फुटेल. म्हणून अधिक मासात जन्मलेल्यांचा वाढदिवस त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात धरतात, तुमच्याकडे श्रावणात. तिथी आणि तारीख यांची चुकामूक दरवर्षी होणारच. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्ष ३६५ चं, म्हणजे तिथी दरसाल अकराएक दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे श्रावण ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो. तारखेचा आणि तिथीचा वाढदिवस यांत यंदा जवळजवळ महिन्याचं अंतर पडेल.

मी म्हणेन, दोन्ही करा, पण दोन्हीकडे माणसं जमवू नका. तारखेला सूनबाईंनी बोलावलेली मुलं येऊ देत, शाळेत पुढे हीच तारीख चालणार आहे. तिथीला सकाळी घरातल्या घरात अभ्यंग, आजीच्या हातचं औक्षण, वाटीभर खीर, आणि तुम्ही त्याला सायकलवर पुढे बसवून तासगावच्या गणपतीला घेऊन जा. सात मजली गोपूर बघताना त्याची मान किती मागे जाते ते दरवर्षी बघायला मिळेल. तीन वर्षांच्या मुलाला महिन्याभराने पुन्हा आपला दिवस आला याचं नवल वाटतं. कुठला खरा, हा प्रश्न तो विचारणार नाही.

---

बाई, मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला येणाऱ्या मुलांना रिटर्न गिफ्ट म्हणून लाइट लागणाऱ्या छोट्या बाहुल्या घाऊक भावात मिळतायत. घेऊ का?
– एक बाबा, मिरज

घेऊ नका. अशा स्वस्त खेळण्यांत बटणासारखा चपटा सेल असतो आणि त्याचं झाकण बऱ्याचदा नुसतं दाबून बसवलेलं असतं, स्क्रू नसतो. मुलाने तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून निघतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, आपल्याला वाटतं दात येतायत. घरात अशी खेळणी आधीच असतील तर आज रात्रीच झाकणं तपासा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, उलटी काढायची नाही. तसलाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सापडलं तर बरोबर न्यायचं.

तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची वस्तू त्याच्या मुठीपेक्षा मोठी आणि एकसंध असावी. कापडी चेंडू, जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक, स्टीलची छोटी वाटी-चमचा. वाटीवर मुलाचं नाव घालून द्या, भांड्यांच्या दुकानात लगेच घालून मिळतं. माझ्या बालवाडीतल्या एका मुलाने तशी वाटी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर नेली होती, त्याच्या आईने मला सांगितलं.